कुरणातल्या गाठी

मला लहानपणापासून एक वाईट खोड आहे. झाकलेलं भांडं दिसलं की झाकण उचलून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी आई आवडाबाई वाशीमच्या बाजारात वांगी-मेथी विकायची. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्या बापूरावले देवानं नाक जरा लांबच देल्लं." या खोडीपायीच मी ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर झालो, कारण गाईच्या पोटात नेमकं काय चाललेलं असतं ते मला पाहायचं होतं. आणि या खोडीपायीच एका अख्ख्या तांड्याची गुरं उपाशी मरायची पाळी मी आणली. ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगत नाही. पण लोक मला हरणांचा जाणकार म्हणायला लागले आहेत, त्याचा मला राग येतो, म्हणून सांगतो.

१९५४ साली माझी नेमणूक मानोऱ्याला होती. दवाखाना म्हणजे एक खोली, एक कपाट आणि जनावर बांधायला चार खुंट. डॉक्टर महिन्यातून दोनदा यायचे. एरवी लोक मलाच डॉक्टर म्हणायचे आणि मी कोणाची चूक दुरुस्त करायला जात नव्हतो. गावापासून तीन-चार मैलांवर सोमला नायकाचा तांडा होता आणि तांड्याच्या मागं सरकारी कुरण. कमरेला लागेल असं गवत आणि त्यात साठ-सत्तर हरणं. काळेभोर नर, पिळाची शिंगं मिरवत चालणारे, आणि त्यांच्याभोवती पिवळट माद्या. कुरणात गुरं चारायची आणि कार्तिकात गवत कापून न्यायची तांड्याला परवानगी होती. त्या गवतावरच तांड्याची दोनशे गुरं पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी तांड्यावर एका बैलाचा खूर पाहायला गेलो होतो. परतताना कुरणातून आडवा निघालो. बायकांनी बरंच गवत कापलेलं होतं, पण मधेच खाटेएवढा एक तुकडा तसाच उभा ठेवलेला. त्याच्या कडेला पंधरा-वीस काड्या एकत्र धरून शेंड्याला गाठ मारलेली. पुढं गेलो तर असाच आणखी एक तुकडा, तशीच गाठ. तिसरा. मला काही राहवेना. मी तिसऱ्या गाठीला हात घातला.

"हात नको लावू! तिथंच राय!"

मी दचकलो. मागं धुरपताबाई उभी होती, सोमला नायकाची बायको. पन्नाशीची असेल, हातात विळा, कोपरापर्यंत बांगड्या. तांड्यातल्या गवत कापणाऱ्या बायांची ती म्होरकी. सोमला नायक तांड्याचा प्रमुख खरा, पण कुरणात त्याचं काही चालत नसे.

"काय हाये हे?" मी विचारलं.

"गाठ हाये. तुले दिसत नाई का?"

"दिसते म्हनून त इचारून राह्यलो."

तिनं विळा कमरेला खोचला. मग बोट तोंडावर ठेवून मला बाजूला नेलं आणि उभ्या गवताकडे वाकून पाहायला सांगितलं. आधी मला काहीच दिसलं नाही. मग मातीच्या रंगाचं एक ढेकूळ दिसलं आणि त्या ढेकळाला डोळा होता. हरणाचं पाडस, दोन-तीन दिवसांचं, मान जमिनीला चिकटवून पडलेलं. डोळ्याची पापणीसुद्धा हलत नव्हती.

"माय चरून राह्यली तिकडे," धुरपताबाईनं लांबवर मान हलवली. "दिवसातून दोन-तीन डाव येते, पाजते, जाते. जिच्या विळ्यापुढं पिल्लू आलं, तिनं गाठ माराची आन् वळसा घालून पुढं जाची. मागून येनारीनं ती गाठ मोडाची नाई. आठ-दहा रोजानं पिल्लू उठून गेलं की मंग कापाचं."

"आन् हे कोनं ठरवलं?"

"माह्या सासूनं मले सांगतलं. तिले कोनं सांगतलं ते तिले इचारलं असतं, पन ती मेली." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "डाक्तर, हे कोनाले दावाचं नसते. तू ढोराचं दुख पाहतं, म्हनून तुले सांगतलं."

मी म्हटलं, कोणाला सांगणार नाही. आणि त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं.

आता गोपीचंदशेठबद्दल सांगायला हवं. वाशीमच्या एका कापसाच्या जिनिंगचे हे मालक. पक्के शाकाहारी, रोज सकाळी मुंग्यांना साखर घालणारे, बंदूक पाहिली की तोंड फिरवणारे. लढाईनंतर लिलावात निघालेली एक जीप त्यांनी घेतली होती आणि तिला करायला काहीच काम नव्हतं. तेव्हा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी शेठ, त्यांची बायको सीताबाई आणि चार पाहुणे जीपमध्ये बसून हरणं पाहायला निघायचे. सोबत पुऱ्या, बटाट्याची भाजी, थर्मासात चहा. पुढं पुढं हुरड्याच्या दिवसांत तर गोवऱ्यांची आगटी करून तिथंच कणसं भाजायची. कुरणाची वाट दाखवायला मानोऱ्याहून मला घ्यायचे. पुढच्या सीटवर बसून मी बोट दाखवायचा आणि ड्रायव्हर लखीराम त्या बोटाच्या दिशेनं जीप गवतात घालायचा.

जीप दिसली की हरणं पळायची आणि पळताना चार-चार हात उंच उडायची. एकामागून एक, पाय न हलवता वर गेल्यासारखी. सीताबाई टाळ्या वाजवायच्या.

"पाहा, आपल्याले पाहून कशे खूश होऊन राह्यले!" शेठ म्हणायचे.

"हो ना," मी म्हणायचो. मला खरंच तसं वाटायचं. इतकं सुंदर उडणारा प्राणी भ्यालेला असेल असं कोणाच्या मनात येईल?

धुरपताबाईनं गाठीचं सांगितलं त्याच्या पुढच्याच रविवारी शेठकडे नागपूरचे पाहुणे होते. त्या दिवशी हरणं आधीच लांब गेली. तास झाला, दोन तास झाले, नुसतं गवत. पाहुणे कंटाळले, शेठचा चेहरा उतरला. मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी म्हणालो, "शेठ, तुमाले असं काही दाखवतो की जन्मभर ध्यानात राहील."

मी गाठ शोधली. मी कोणाला काही सांगितलं नाही, नुसतं तिथं नेऊन उभं केलं. पाडस पाहून त्या लोकांना काय आनंद झाला म्हणता! सीताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेठनी पाडसाला उचलून छातीशी धरलं आणि पाहुण्यांनी खोक्याच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. पाडसाचं काळीज केवढ्यानं उडतंय ते मला लांबूनही दिसत होतं. मला वाटलं, पिल्लांचं काळीज जोरातच चालतं.

त्या हंगामात मी अशा किती गाठी दाखवल्या ते आठवत नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे पंचावन्नच्या दिवाळीत, तर सुट्टी म्हणून जीप रोज यायला लागली. माझी कीर्ती वाशीमपर्यंत गेली. बापूराव हवेत हात फिरवतो आणि गवतातून पाडस निघतं, असं लोक म्हणायचे. आणि मी मिशीला पीळ देत हिंडायचो.

दिवाळी संपून दोन-तीन दिवस झाले आणि एके दिवशी शेठ एकटेच दवाखान्यात आले. बसले, उठले, परत बसले.

"बापूराव, मांगल्या साली कळपात पिल्लं किती दिसले होते?"

"पंधरा-सोळा तरी."

"औंदा मी तीन पाह्यले. तीन! आन् माद्याइच्या फासळ्या दिसून राह्यल्या." शेठ परत उठले. "मले मालूम हाये काय होऊन राह्यलं. लखीरामनं पाह्यलं. ते तांडेवाले गवताले गाठी मारून फासे लावतात. पिल्लं धरून खातात ते लोक. मी जंगलखात्यात अर्ज देल्ला. कुरन बंद कराले लावतो, चराई बंद, गवत बंद. पुढच्या बुधवारी साहेब चौकशीले येऊन राह्यले. तू ढोराचा मानूस, तू साक्ष दे."

मी तोंड उघडलं. गाठ म्हणजे फास नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती काय आहे ते सांगावं लागलं असतं आणि मला ती कशी ठाऊक तेही. मी म्हणालो, "पाहतो." शेठ समाधानानं गेले.

मी संध्याकाळी तांड्यावर गेलो. बातमी तिथं आधीच पोचली होती. सोमला नायक बाजेवर बसून चिलीम ओढत होता, पण चिलीम कधीच विझलेली होती.

"कुरन बंद झालं त ढोरं इकाच लागन," तो म्हणाला. "ढोरं इकले त आमी इथं काय करू? पोरंसोरं घेऊन निंगा लागन, जिथं काम भेटन तिथं."

 धुरपताबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "डाक्तर, गाठ मारलेल्या जागी जीपच्या चाकाचे चाकोरे कशे काय जातात? नेमके गाठीपर्यंत?"

मी वाकून गाईचा खूर पाहायला लागलो. तिनं परत विचारलं नाही. मला त्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण खोड ती खोड. घरी आल्यावर शरमेपेक्षा एक प्रश्न जास्त टोचायला लागला. मी पाडसं दाखवली हे खरं, पण आम्ही एकालाही इजा केली नव्हती. हाताळलं, फोटो काढला, परत ठेवलं. मग पिल्लं मरतात कशानं? आणि माद्या का वाळल्या? कुठला रोग तर नाही? तांड्यातल्याच कोणी खरंच फासे लावत नसेल कशावरून? बुधवारपर्यंत पाच दिवस होते. मी ठरवलं की साक्ष द्यायची ती पाहून द्यायची.

पहिल्याच दिवशी मला एक मेलेलं पाडस सापडलं. गाठीपासून चाळीस पावलांवर, नाल्याच्या काठाला. मानेभोवती दोरीचा वण नाही, पायाला जखम नाही, कोल्ह्याचा दात नाही. मी ते पोत्यात घालून दवाखान्यात आणलं आणि फाडलं. फुप्फुसं स्वच्छ. आतड्यात किडे नाहीत. दूध पिणाऱ्या वासराच्या पोटात दुधाचं दही सापडतं, कितीही कमी प्यालेलं असो. या पोटात दह्याचा कणही नव्हता. थोडी माती होती आणि गवताची दोन पानं. पोटात काहीतरी जावं म्हणून त्यानं ती खाल्ली असणार. मी दोनदा हात धुतले. पण कोडं सुटलं नव्हतं. आई जिवंत, कुरणात गवत मुबलक, मग पिल्लू उपाशी का?

दुसरा दिवस शनिवार. मी उजाडायच्या आत टेकडीवर जाऊन झुडपाआड बसलो. सोबत नाडी मोजायचं घड्याळ, एक वही आणि भाकर. समोरच्या एका गाठीशी पाडस होतं आणि त्याची आई मी हेरून ठेवली, तिचा एक कान फाटलेला होता. मी ठरवलं, ती खाली मान घालून किती चरते आणि मान वर करून किती पाहते ते मोजायचं. सकाळच्या एका तासात ती चाळीस मिनिटं चरली. दिवसभरात पाडसाकडे तीन वेळा आली, दूध पाजलं, चाटलं, गेली. मधे तांड्याच्या तीस बाया गाणी म्हणत, बांगड्या वाजवत गवत कापायला आल्या. मला वाटलं, आता पळणार. कळप शंभर पावलं सरकला आणि परत चरायला लागला. मी चक्रावलो. तीस बायांचा एवढा गलबला चालतो आणि एक जीप चालत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

दुपारी बाया भाकरी खायला बसल्या तेव्हा मी खाली उतरलो. मनाचा हिय्या करून धुरपताबाईला विचारलं.

"आमी दरसाल नाल्याकडूनच येतो," ती म्हणाली. "सकायी येतो, सांजच्याले जातो. त्याइले मालूम हाये. आन् आमी गवताकडे पाहतो. तुमी त्याइच्याकडे पाहता." भाकरीचा तुकडा मोडून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुह्याकडे कोनी टक लावून पाहून राह्यलं, त घास उतरते का घशाखाली?"

तिच्या हातातला तुकडा तिनं खाल्ला नाही. मीच नजर काढून घेतली, तेव्हा खाल्ला.

रविवारी मी शेठना निरोप पाठवला की अंगात कणकण आहे, आणि परत त्याच झुडपाआड बसलो. नऊ वाजता जीप आली. मी नव्हतो, त्यामुळे लखीराम कुठूनही कुठेही जीप घालत होता. कळप उडाला. वरून, झुडपाआडून ते उडणं मी पहिल्यांदा पाहिलं. मी एरवी नेहमी मागून पाहायचो, जीपमधून. वरून तोंडं दिसत होती. जिभा बाहेर, डोळे बटबटीत. यात खुशी कुठेच नव्हती. 

वही सांगते की नऊपासून बारापर्यंत फाटक्या कानाची पंधरा मिनिटंसुद्धा चरली नाही. चार वेळा ती पाडसाच्या दिशेनं निघाली आणि चारही वेळा जीप फिरली म्हणून परत पळाली. पाहुणे जेवायला बसले ते नेमके त्या तुकड्यापासून हाकेच्या अंतरावर. ती लांब उभी राहून पाहत होती. पाहुण्यांनी गाणी म्हटली, चेंडू खेळले, झोप काढली. सूर्य कलला तरी ती उभीच. तिच्या आटत चाललेल्या कासेकडे पाहून मला सगळं कळलं, कारण हे मी रोज पाहत होतो. धार काढताना परका माणूस गोठ्यात आला की गाय पान्हा चोरते. चार दिवस चोरला की आटते. हे मला ठाऊक होतं, गाईचं. हरणाला ते लावावं असं माझ्या लांब नाकाला कधी सुचलं नव्हतं.

मला शेवटची खात्री करायची होती. सोमवारी मी सगळ्या गाठी फिरलो. सात होत्या. त्यांतल्या पाच मी दिवाळीत शेठना दाखवलेल्या होत्या. त्या पाचांपैकी चार जागा रिकाम्या, भोवती कोल्ह्याची पावलं किंवा कावळ्यांनी सोडलेलं थोडंसं. पाचवं फाटक्या कानाचीचंच, ते जिवंत होतं पण उभं राहिलं की झोकांड्या खायचं. उरलेल्या दोन गाठी नाल्यापलीकडे, जिथं जीप जात नाही. तिथं दोन्ही पाडसं ठणठणीत. मला पाहून एकानं कान हलवला आणि मी तिथून पाय काढता घेतला. पाचांतली चार माझ्या बोटानं गेली होती.

बुधवारी चौकशी तांड्यावरच झाली, लिंबाच्या झाडाखाली. साहेब नवीन होते, तरुण, घाम पुसत बसलेले. शेठ आणि सीताबाई खुर्च्यांवर. तांडा समोर जमिनीवर. लखीरामनं पुरावा म्हणून गाठ मारलेल्या गवताची एक पेंढी आणली होती आणि ती टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उलटून पाहिली आणि विचारलं, "याने हरीण कसं पकडतात?"

"ते हे डाक्तर सांगतीन," शेठ म्हणाले.

मी उभा राहिलो. खरं सांगायचं तर मी दुसरंच काही ठरवून आलो होतो. गाठीचं नाव न घेता, रोगराईनं पिल्लं दगावतात असं सांगून मोकळं व्हायचं. तांडाही वाचला असता, मीही. शेठचा शब्द वाशीममध्ये चालायचा आणि माझी बदली त्यांच्या एका चिठ्ठीवर होती. पण रोग म्हटलं असतं तर जीप पुढच्या रविवारी परत आली असती. फाटक्या कानाचीचं पिल्लू अजून जिवंत होतं.

"याने हरीण पकडत नाहीत साहेब," मी म्हणालो. "याने हरीण वाचवतात." आणि मग सगळं सांगितलं. गाठ, विळा, पोटातली माती, चाळीस मिनिटं आणि पंधरा मिनिटं, सात गाठी, पाच आणि दोन. शेवटी म्हणालो, "गाठ मले या बाईनं विश्वासानं दाखवली होती. मी ती करमनुकीले वापरली. जीप शेठची, पन बोट माहं होतं."

 शेठ लाल झाले. "म्हंजे आमी मारले? मी? मुंगीले साखर घालनारा मानूस मी! आमी त नुसतं पाहून राह्यलो होतो!"

"नुसतं पाहनंच," मी म्हणालो.

शेठ उठले. ते मला काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, पण त्याआधी सीताबाई बोलल्या. त्या इतक्या दिवसांत माझ्यासमोर चारचौघांत कधी बोलल्या नव्हत्या.

"आपल्या नंदूच्या वेळेस," त्या शेठना म्हणाल्या, "सासूबाईनं बाळंतिणीच्या खोलीत बारा दिवस कोनाले येऊ देल्लं नोतं. तुमाले सुद्धा. तुमी दाराशी येऊन चिडले होते. आठवते का?" शेठनी मान खाली घातली. "तवा पाजताना दारातून कोनी डोकावलं तरी मले दूध येत नोतं. आन् मी इथं येऊन दुसरीच्या पोराले हातात घेऊन फोटो काढला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या उठून जीपमध्ये जाऊन बसल्या.

शेठनी टेबलावरची पेंढी उचलली, परत ठेवली. मग त्यांनी साहेबांना सांगितलं की अर्ज मागं घेतो. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. महिन्याभरानं त्यांनी एक गोष्ट केली, ती मात्र सांगितली पाहिजे. बैलगाडीची वाट कुरणाच्या कडेनं जाते, तिथं त्यांनी आडवं लाकूड टाकून एक आडणं घालून घेतलं. जीप आडण्याच्या अलीकडे थांबायची. तिथून दिसेल ते पाहायचं, आणि दिवाळीच्या आगेमागे तर तेवढंही नाही. मला त्यांनी परत कधी बोलावलं नाही.

फाटक्या कानाचीचं पाडस जगलं. पुढच्या वर्षी कळपात अकरा दिसली. त्याच वर्षी आमचा वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, कागदांवरचे शिक्के बदलले आणि माझी बदली करणारे कोण हेही कोणाला नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी मानोऱ्यालाच राहिलो. सत्तावन्नच्या कार्तिकात मी आडण्यापाशी उभा राहून गवत कापणाऱ्या बायांकडे पाहत होतो. तीस बाया एका ओळीत, विळे खालीवर. मधेच एक बाई वळसा घालून पुढं जायची आणि खाटेएवढं गवत मागं राहायचं. मागून येणारीही त्याला हात लावायची नाही. पण गाठ कुठेच नव्हती. मी डोळे फाडफाडून पाहिलं. काडी मोडलेली नाही, दगड ठेवलेला नाही, काही नाही.

संध्याकाळी बाया भारे डोक्यावर घेऊन आडण्यापाशी आल्या. धुरपताबाई थांबली, भारा खाली ठेवला, पाणी प्याली. दोन वर्षांत ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, पण बोलायची. मला राहवलं नाही.

"धुरपताबाई, गाठी दिसून नाई राह्यल्या."

"नाई मारत आमी आता."

"मंग मागच्या बाईले कसं समजते? कायची खून करता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ती पहिल्या दिवशी हसली होती तशीच हसली.

"तुले दिसली नाई ना?"

"नाई."

"सकायपासून पाहून राह्यला तरी?"

"तरी."

"मंग बरी हाये," ती म्हणाली. भारा डोक्यावर घेतला आणि बायांच्या मागं निघून गेली.

आज एकोणसाठ साल आहे. नाक अजून तेवढंच लांब आहे आणि त्या खुणेसाठी ते रोज शिवशिवतं. औंदा मी बावीस पाडसं मोजली. आडण्याच्या अलीकडून.